बसऱ्याची फायनल

जळगाव स्टेशनात गाडी हलली तेव्हा आबांनी खिडकीतून माझा खांदा धरला. "पोटभर जेवत जाय, भाऊ," एवढंच म्हणाले. आई बाकावरून उठलीच नाही. अक्का, तू तिच्याजवळ होतीस. माझ्या शेजारी नशिराबादचा इस्माईल बसला होता. भुसावळच्या रेल्वे कारखान्यात तो बॉयलर ठोकायचा, मी फिटर. लढाई पेटली होती आणि बसऱ्याच्या बंदरात कारागीर हवे होते.

बसरा म्हणजे खजुराची झाडं आणि तापलेलं लोखंड. कळण्याच्या भाकरीऐवजी खुबूस, इवल्याशा काचेच्या पेल्यात काळा चहा. आपल्या भडगावची बोली बोलायला मला इस्माईलशिवाय कुणी नव्हतं.

एका हिवाळ्यात बंदरावर फुटबॉलचे सामने ठरले. गोरे सोल्जर, रशियाच्या कैदेतून सुटून आलेले हाडकुळे पोलिश, अरब नावाडी आणि आम्ही अनवाणी हिंदी कामगार. इस्माईल गोलकीपर. पोलिशांना आम्ही हरवलं, तरी त्यांच्या कप्तानाने इस्माईलच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. गडी असा लाजला की विचारू नकोस. अरबांना गोऱ्यांनी हरवलं, तेही त्यांच्यातल्या कादिम नावाच्या नावाड्याचं नाक फोडून.

फायनलला आमची गाठ गोऱ्यांशीच पडली. त्यांच्या बुटांनी आमच्या नडग्या सोलून निघाल्या. एक-एक अशी बरोबरी होती. इस्माईल चेंडूवर पालथा पडला, चेंडू छातीशी धरला. एका उंच सार्जंटने धावत येऊन त्याच्या तोंडावर लाथ घातली. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज आला. चेंडू आत गेला आणि रेफ्रीने, तोही सोल्जरच, गोलची शिट्टी वाजवली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मी सार्जंटच्या पाठीवर चढून त्याच्या कानाला दात लावले. तोंडात रक्त आलं, तरी सोडलं नाही. पट्टे, बाटल्या, दगड. फुटक्या नाकाचा कादिम वल्हं घेऊन मैदानात घुसला, मागे त्याचे सगळे नावाडी. लष्करी पोलिसांचा दंडुका माझ्या मनगटावर बसला, हाड कातडीतून बाहेर आलं. कादिमने इस्माईलला खांद्यावर टाकून होडीतून दवाखान्यात नेलं. उजवा डोळा गेला होता.

बंदराच्या गोऱ्या साहेबाने आम्हा दोघांना बोलावलं. सार्जंटची सगळ्यांसमोर माफी मागा, नाहीतर काम बंद. इस्माईल पट्टी बांधलेल्या तोंडाने म्हणाला, "माफी मांगता हूँ, साब. पहले मेरी आँख ला दो."

त्याच दिवशी आम्हाला हाकललं. तसं तोंड घेऊन इस्माईलला अम्मीसमोर जायचं नव्हतं, म्हणून मीही थांबलो. कादिमने होड्यांच्या शेडमध्ये जागा दिली. आम्ही इंजिनं दुरुस्त करू लागलो.

लढाई संपल्यावर मी भडगावला आलो, ते तुला ठाऊक आहे. घरी येण्याआधी नशिराबादला जाऊन आलो होतो, हे मात्र सांगितलं नाही. इस्माईलच्या अम्मीला डोळ्याचं सांगितलं तेव्हा तिने चुलीतलं जळतं लाकूड उचलून माझ्या अंगावर फेकलं. "तू साथ था ना? फिर कैसे गई उसकी आँख?" मग तिथेच बसून रडली. निघताना म्हणाली, "उसको बोल, अम्मी मर जाएगी तब आएगा क्या?"

बसऱ्याला परत येऊन मी तिचे शब्द इस्माईलला सांगितले. तो दिवसभर घण घालत राहिला. मग घण टाकला आणि मिळेल त्या बोटीने निघून गेला. आता तो नशिराबादला आहे.

मी मात्र इथेच आहे. अक्का, तू विचारतेस, घरी कधी येशील? कादिमची आई खुबूस थापताना माझ्या वाटणीचे न विचारता थापते. मी खातो, पोट भरतं. पण कादिम म्हणतो, झोपेत मी कुणाशी तरी भांडतो, मुठी आवळतो, ओरडतो. काय ओरडतो ते त्याला कळत नाही. एकदा त्याने ऐकलेलं जसंच्या तसं बोलून दाखवलं: "सोड, तो मना भाऊ शे."

मी त्याला अर्थ सांगितला: सोड, तो माझा भाऊ आहे. तेव्हापासून तो मला त्याच शब्दाने हाक मारतो. भाऊ.