अंतरपाट दुसऱ्यांदा धरला तेव्हा

ताईच्या लग्नाचा फोटोग्राफर मी ठरवला होता. हे वाक्य मी घरात कुणापुढे कधी सरळ म्हटलेलं नाही, म्हणून इथे आधीच लिहून टाकतो.

आमचं गाव वऱ्हाडात. मी लोणी काळभोरच्या एका कॉलेजात शिकतो आणि मांजरीत खोली घेऊन राहतो. घरात कॉलेजपर्यंत आलेला मी पहिलाच. ताईला स्थळ आलं ते हडपसरचं, कंपनीत कायम नोकरी असलेल्या मुलाचं. लग्न मुलाकडेच, मांजरीच्या एका मंगल कार्यालयात करायचं ठरलं. कार्यालय, जेवण, वाजंत्री हे सगळं त्यांच्याकडे. आमच्या वाट्याला दोनच गोष्टी आल्या, रुखवत आणि फोटो. रुखवत आई गावाहून आणणार होती. फोटोचं काम माझ्याकडे आलं, कारण पुण्यात आमच्या बाजूचा म्हणून मी एकटाच होतो.

"तू शिकलेला हायेस, तुले समजते," आई फोनवर म्हणाली.

मग थोडं थांबून म्हणाली, "बाकी कसे बी येऊ दे. अंतरपाट काढते तवाचा फोटो चांगला पायजे. थे मले पाहाचं हाये."

आमच्या घराण्यात मुलीची आई मंगलाष्टकांच्या वेळी मांडवात नसते. ती तुळशीपाशी बसते, पाणी घालते, आणि वाजंत्री वाजली की समजते, लग्न लागलं. मग उठून येते. म्हणजे जमलेल्या सगळ्यांना जे दिसतं ते फक्त तिला दिसत नाही. पूर्वीच्या बायका याचं काय करत असतील, मला माहीत नाही. आईने मात्र मनाशी ठरवून ठेवलं होतं की आपण ते नंतर फोटोत पाहू.

मी आधी शहरातल्या एका मोठ्या स्टुडिओत गेलो. काचेचं दार होतं, आत एसी होता. काउंटरमागे पांढरे केस असलेले एक गृहस्थ होते.

"तुमचंच लग्न का?"

"नाही. बहिणीचं."

"घरात कोणी मोठं माणूस नाही का?"

"गावाला असतात."

"बरं. कँडिड हवंय की ट्रॅडिशनल?"

मला दोन्हींचा अर्थ माहीत नव्हता. मी म्हणालो, "दोन्ही." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि एक छापील कागद पुढे सरकवला. त्यावरचा आकडा वाचून मी कागदाची घडी घातली. त्यांना ते कळलं असणार.

"आमच्याकडे नाही आलात तरी चालेल," ते म्हणाले. "पण जो कोणी घ्याल, त्याला तीन गोष्टी विचारा. तो स्वतः येणार का, त्या दिवशी दुसरं काम घेतलंय का, आणि दाखवतोय ते फोटो त्याने स्वतः काढलेत का. कागदावर लिहून घ्या. सल्ला फुकट आहे, घेऊन जा."

शेवटचं वाक्य मला लागलं. फुकटचं घ्यायला आलेला, असं ते मला म्हणाले असं वाटलं. बसमध्ये परत येईपर्यंत मी त्या वाक्याशीच भांडत होतो, त्यामुळे आधीचे तीन प्रश्न मागेच पडले.

दुसरा फोटोग्राफर मला मोबाईलवर सापडला. त्याच्या पेजवर सुंदर फोटो होते: हळदीने माखलेले चेहरे, उडणाऱ्या अक्षता, रडता रडता हसणारी एक नवरी. मी फोन केला, आणि बोलता बोलता माझ्या तोंडून "हो"ऐवजी गावाकडचं "हाव" निघून गेलं.

तो एकदम थांबला. "भाऊ, कोनतं गाव म्हनता?"

तो आमच्याच जिल्ह्यातला निघाला. हडपसरला गाडीतळाजवळ आम्ही चहा प्यायला बसलो आणि अर्धा तास बोललो. पुण्यात येऊन मला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. पहिल्याच आठवड्यात वर्गात मी "मले" म्हणालो आणि मागच्या बाकावरून कुणीतरी तो शब्द हळूच परत म्हटला. तेव्हापासून मी बोलण्याआधी वाक्य मनात तपासून घेत असे, आणि बहुतेक वेळा तपासून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असे. त्या दिवशी चहाच्या टपरीवर मला काहीच तपासावं लागलं नाही. तो माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा असेल. त्याने आमच्या तालुक्याच्या बाजाराचं, तिथल्या भज्यांचं काढलं. त्याचा दर त्या स्टुडिओच्या निम्म्याहून कमी होता. पण खरं सांगायचं तर मी त्याला दरासाठी घेतलं नाही. निदान फक्त दरासाठी नाही.

तीन प्रश्न मला तिथे आठवले. पण आपल्या माणसाला असं विचारायचं म्हणजे संशय घ्यायचा, असं वाटलं. तो म्हणालाही, "आपल्या लोकायत लिखापढी कायले?" मला ते फार बरं वाटलं.

लग्नाच्या दिवशी तो सकाळी वेळेवर आला. हळदीचे फोटो काढले. आईला "मावशी, इकडे पाहा" म्हणून हसवलं. आई माझ्याकडे पाहून मान हलवत होती, चांगला माणूस आणलास अशी. साडेदहाच्या सुमारास तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, एक लेन्स घरी राहिली. गेलो न आलो." मुहूर्त दुपारचा होता. मी हो म्हणालो.

तो त्या लेन्ससाठी गेला नव्हता. लोणीत एक साखरपुडा होता, हे मला पुढे कळलं.

भटजींनी मुलीला बोलवा म्हणून सांगितलं तेव्हा मी पहिला फोन केला. "हडपसरच्या पुलावर अडकलो भाऊ, पाच मिनिटं." अंतरपाट धरला तेव्हा दुसरा केला, तो त्याने उचलला नाही. मामा ताईच्या मागे उभे होते, मी मामांच्या शेजारी. एका मुठीत अक्षता, दुसऱ्या हातात फोन. मंगलाष्टकं सुरू झाली. प्रत्येक "सावधान"ला लोक अक्षता टाकत होते आणि मी नंबर लावत होतो. दाराकडे पाहायचो, परत स्क्रीनकडे. आईला तुळशीपाशी नेऊन बसवलं होतं. ती तिथे निश्चिंत बसली असेल, कारण इकडे मी होतो, मी ठरवलेला माणूस होता.

वाजंत्री वाजली. मी मान वर केली तेव्हा अंतरपाट निघालेला होता.

तो आला तेव्हा वरमाला घालून झाल्या होत्या. शर्ट घामाने भिजलेला, कॅमेरा गळ्यात. माझ्याकडे न पाहता तो सरळ व्यासपीठावर चढला. "दोन मिनिटं, दोन मिनिटं. गुरुजी, अंतरपाट परत एकदा धरा फक्त. वहिनी, हार काढा, परत घालायचा हाये."

भटजी म्हणाले, "लग्न एकदाच लागतं, बाबा."

"फोटोपुरतं हो, गुरुजी."

नवरदेवाचे मित्र हसले. त्यांना ती गंमत वाटली. दोघांनी अंतरपाट पुन्हा धरला, कुणीतरी तोंडानेच "शुभमंगल सावधान" म्हटलं, लोकांनी खाली पडलेल्याच अक्षता उचलून परत टाकल्या. त्याने भराभर फोटो काढले. ताई हसत होती. फोटोसाठी हसतात तसं.

मी कुणालाच काही बोललो नाही. त्या घाईत आई कुठे होती, हेही मी पाहिलं नाही.

फोटो यायला साडेचार महिने लागले. त्या महिन्यांत दर रविवारी आईचा फोन येई. कॉलेज, जेवण, पाऊस, हे सगळं झालं की ती विचारायची, "आले काय फोटो?" मी म्हणायचो, एडिटिंग चालू आहे. एडिटिंग म्हणजे काय, हे तिने एकदाही विचारलं नाही. तिला वाटत असावं, शिकलेल्या लोकांचं काहीतरी असेल. फोन ठेवल्यावर मी त्याला फोन लावायचो. कधी तो उचलायचा, आमच्या भाषेत गोड बोलायचा. मला रागावताही यायचं नाही, कारण त्या शहरात आमच्या बोलीत बोलणारा तोच एक होता. खोलीतल्या जोडीदाराला हे सांगावं असं दोनदा वाटलं. पण तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा, कानात सतत काहीतरी असायचं, आणि सांगणार तरी काय, की बहिणीच्या लग्नाचे फोटो खोटे आहेत?

सप्टेंबरच्या शेवटी त्याने लिंक पाठवली. मी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बसून एकेक उघडला. हळद, जेवणाच्या पंगती, गाड्या, कार्यालयाची कमान. मग तो फोटो. अंतरपाट अर्धा खाली आलेला, ताईच्या हातात हार, अक्षता हवेत. खरंच चांगला आला होता. आणि डाव्या बाजूला, व्यासपीठाच्या मागच्या पडद्याजवळ, एका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून आई उभी होती. तोंड दुसरीकडे. बहुतेक नुकतीच तुळशीपासून उठून आलेली, कुणाला तरी शोधत असलेली.

ज्या क्षणी ती तिथे असू शकत नाही, त्याच क्षणाच्या फोटोत ती होती. ज्याला आमच्याकडची रीत माहीत आहे त्याला एका नजरेत कळणार. एक तर मुलीच्या आईने रीत मोडली, नाहीतर फोटो खोटा आहे.

मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "एवढंच ना भाऊ? मावशीले काढून टाकतो."

आणि मी हो म्हणालो. पुन्हा.

दुसऱ्या दिवशी नवा फोटो आला. आईच्या जागी पडदा होता, जरा पुसट, घड्या न जुळणाऱ्या. पण तिचा हात राहून गेला होता. खुर्चीच्या पाठीवर चार बोटं आणि हिरव्या बांगड्या. बाकी कुणी नाही. मी तो फोटो मोठा करून किती वेळ पाहत होतो, आठवत नाही. कॅन्टीनवाल्याने टेबल पुसायला म्हणून मला उठवलं.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा दोन्ही फोटो फोनमध्ये होते. प्रवासात मी ठरवलं होतं की पुसलेला दाखवायचा, छोटा ठेवून, हात दिसू न देता. आई दुपारी ओसरीवर वाती वळत बसली होती. शेजारी सरकी काढलेला कापूस. "आन इकडे," ती म्हणाली आणि हात पदराला पुसले.

माझ्या अंगठ्याने कुठला उघडला, हे मला शेवटपर्यंत सांगता येणार नाही. चुकून झालं म्हणणं सोपं आहे. पण उघडला तो पहिला, तिच्यासकटचा.

तिने फोन लांब धरला, मग जवळ आणला. "लय गोड दिसते पोरगी." मग बोट डावीकडे नेलं. "हे कोन? मी काय?"

"हो."

"मी तं तुळशीपाशी होती."

मी सगळं सांगितलं. लेन्स, पूल, दुसऱ्यांदा धरलेला अंतरपाट. पुसलेला फोटोही दाखवला. सांगताना मी पुण्याचं शुद्ध बोलत होतो, हे माझं मलाच ऐकू येत होतं.

आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "मंग खरं कसं झालं? तू होता ना थितं. तू सांग."

या प्रश्नाची मला लग्नाच्या दिवसापासून भीती होती. फोटोपेक्षा जास्त.

"मी नाही पाह्यलं, आई. मी त्याले फोन लावत होतो."

तिने वाती वळायला परत सुरुवात केली. दोन झाल्या, तीन झाल्या. मी आठवत राहिलो, आणि मग एक गोष्ट सापडली. माझ्याजवळ तेवढीच होती.

"वाजंत्री वाजल्यावर मी वर पाह्यलं," मी म्हणालो. "तवा ताई नवरदेवाकडे पाहत नव्हती. हार हातात धरून ती मागे पाहत होती. तुळशीच्या बाजूनं."

आईचे हात थांबले. तिने कापूस बाजूला सरकवला. मग फोन परत मागितला आणि पुसलेला फोटो डोळ्यांजवळ नेला.

"सगळी काढली न हात ठेवला," ती म्हणाली. "कामाले लागते म्हनून ठेवला असन."

मला हसावं की काय करावं, कळलं नाही. ती मात्र खरंच थोडी हसली.

दोन्ही फोटोंपैकी कुठलाच तिने भिंतीवर लावू दिला नाही. पहिला लावला तर आत्या विचारतील, आणि दुसरा घरात नको म्हणाली. मी पुण्याला निघालो त्या सकाळी पिशवी भरता भरता तिने परत विचारलं, "तुळशीच्या बाजूनंच ना? नक्की?"

"नक्की."

बस सुटेपर्यंत तिने ते अजून एकदा विचारलं. पुढच्या रविवारी फोनवरही विचारलं. मी प्रत्येक वेळी तेवढंच सांगतो, एक शब्द जास्त घालत नाही. मी पाहिलेलं तेवढंच आहे.