फ्यूज खणात होता, तरी अलार्म वाजला

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. हसायचं तर खुशाल हसा... पण लिहिलेलं एक अक्षरही मागे घेणार नाही.

मी नागभीडचा. साधारण २००३ साली एका मालवाहू जहाजावर ज्युनियर इंजिनिअर होतो. इंजिनरूममध्ये एकट्याने उतरलं की दर काही मिनिटांनी एक बटण दाबायचं, असा नियम. नाही दाबलं तर वर ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकतात त्या खोलीत, आणि जेवणाच्या मेसमध्ये अलार्म वाजतो — खाली माणूस पडलाय! आमचा अलार्म उगाचच वाजायचा, म्हणून चीफ इंजिनिअरने गुपचूप त्याचा फ्यूजच काढून ठेवला होता. मला पत्ताच नाही. मी इमानदारीने बटण दाबत होतो.

एका दुपारी, जेवणाच्या वेळी, खाली एकटाच होतो. तेलाची गळती बघायला वाकलो आणि उकाड्याने डोळ्यांपुढे अंधारी आली...

शुद्धीवर आलो तेव्हा राजन्नाभाऊ तोंडावर पाणी मारत होते. इंजिनचं तेलपाणी बघणारे, सिरोंचाचे. माझा हात गरम पाइपला लागून भाजला होता.

"अलार्म वाजून राह्यला होता ना बाबू! ताट सोडून धावलो."

ब्रिजवरच्या ऑफिसरनेही तो ऐकला होता.

संध्याकाळी चीफने आम्हा दोघांना बोलावलं. चेहरा पांढराफटक. टेबलाच्या खणातून फ्यूज काढून दाखवला, मग अपघाताच्या अहवालाचा कागद माझ्यापुढे सरकवला. "लिख दे, सिस्टम चालू था."

"बंद होता. तरी वाजला. मी दोन्ही लिहीन."

"पागल कहेंगे तुझे. दुसरा जहाज नहीं मिलेगा."

मी लिहिलं. राजन्नाभाऊंना म्हटलं, तुम्ही यात पडू नका.

"मले आयकू आला तं आला. भिऊ काऊन?" त्यांनी सही ठोकली, फ्यूज उचलला, आणि आम्ही तो जाऊन जागेवर बसवला.

पुढच्या बंदरावर दोघांनाही उतरवलं.

घरी मावशी म्हणाली, "देवानं वाचवलं तुले, मी बोललेला नवस फेड." नाही फेडला. देवावर ढकललं की चीफ सुटला ना!

चंद्रपूरच्या वीजकेंद्रातला माझा मित्र आजही ठासून सांगतो, "फ्यूजबिगर वाजणं शक्यच नाई."

"मग मी मेलो असायला पाहिजे होतो," मी म्हणतो.

आणि हातावरचा भाजल्याचा डाग त्याच्यापुढे करतो.