सावरझिऱ्याची पांदण

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५. थंडी ओसरली. गॅसचं सिलिंडर आलं. पार्बताबाई साडेआठला आली. मेथी दोन जुड्या, वांगी अर्धा किलो आणि एक नकाशा.

अनुपमाबाईंच्या छत्तीस वर्षांच्या डायऱ्यांत भाजीसोबत नकाशा आल्याची ही पहिलीच नोंद होती.

त्या लग्न होऊन अकोल्याहून अमरावतीत, राजापेठेत आल्या, तेव्हा शहर आणि बडनेरा यांच्या मध्ये ज्वारीची शेतं दिसत. पुढे दोन्ही गावं एकाच महापालिकेत गेली आणि मधली ज्वारी घरांखाली गेली. पश्चिमेकडे शहर किती सरकलं, हे मात्र त्यांना पार्बताबाईमुळे कळत आलं. भातकुलीच्या अंगाला असलेल्या सावरझिऱ्याहून ती टोपली घेऊन येई. आधी पांदणीने, म्हणजे बैलबंडीच्या वाटेने, फाट्यापर्यंत आणि तिथून बसने. सुरुवातीला ती म्हणे, वाटेत माणूस दिसत नाही. मग वाटेत ले-आउटचे दगड आले, मग गोदामं, मग कॉलेज. एकदा ती म्हणाली, "आता शहरच आमच्या घरी येऊन राहिलं, वकिलीनबाई. मीच कावून येऊ?" तरी ती येत राहिली.

सावरझिऱ्याच्या पुढे खारपाण पट्टा लागतो. तिथे विहीर खणली तर पाणी खारं, वांग्याची रोपं आठवड्यात माना टाकतात. पार्बताबाईच्या नवऱ्याची, उत्तमरावांची विहीर पट्ट्याच्या जरा अलीकडे नाल्याकाठी होती आणि गोड होती. त्या एका विहिरीवर दीड एकर भाजी आणि पाच माणसांचं घर चाललं होतं.

नकाशा जेवणाच्या टेबलावर मावेना. शहर आणि भोवतीची गावं मिळून होणाऱ्या महानगर क्षेत्राचा तो कच्चा आराखडा होता. शहर लाल, घरांची जागा पिवळी, शेती हिरवी. अनुपमाबाईंनी चष्मा पुसून सावरझिरा शोधला. तिथे पिवळ्या रंगातून एक रुंद नवा रस्ता सरळ गेला होता.

"हे गोल दिसून राहिलं न, थे आमची विहीर," पार्बताबाई म्हणाली. तिचं बोट रस्त्याच्या बरोबर मधोमध होतं.

"आणि पांदण कुठे आहे?"

"थेच तर. पांदण नाईच याच्यात. रस्ता पांदणीवरून नेला असता तर विहीर वाचली असती. दोनशे फुटाचा फरक हाय."

नकाशा वरून काढलेल्या फोटोंवर बेतलेला होता. पांदणीच्या दोन्ही कडांच्या बाभळी वर एक झाल्या होत्या, त्यामुळे खालची वाट कुणाला दिसली नव्हती. हरकतींची सुनावणी चोवीस तारखेला होती. नुसतं सांगून भागणार नाही, काही लेखी आणा, असं कार्यालयाने म्हटलं होतं.

"तुमी रोज लिहिता न," पार्बताबाई म्हणाली. "माह्याबद्दल कायतरी लिहिलं असंलच. नाईतर एवढ्या वर्षांची बडबड वाया गेली माही."

अनुपमाबाईंनी तीन दिवस कपाटापुढे स्टूल टाकून डायऱ्या चाळल्या. पांदण एकोणीस ठिकाणी सापडली. 'पांदणीत गुडघाभर चिखल, पार्बताबाई अकराला.' 'पांदणीत बंडीचा आस मोडला, कोथिंबीर सुकलेली.' विसावी नोंद ४ डिसेंबर २०११ची होती. 'उत्तमरावांनी पांदण नांगरून मेथी पेरली आहे. गावाच्या बंड्या अडल्या, भांडण. काल ग्रामपंचायतीची नोटीस आली. मेथी कोवळी होती, दोन जुड्या घेतल्या.'

दुसऱ्या दिवशी त्यांनी ही नोंद वाचून दाखवली. पार्बताबाई टोपलीवरचं फडकं नीट करत राहिली.

"एकोणीस पुरतात," ती म्हणाली. "इसावं पान कायले दाखवता? साहेब म्हणंल, पांदण खाणारे हेच, अन् आता पांदणीसाठी रडतात."

"म्हणू शकतो. पण द्यायची तर वीसही देईन, नाही तर एकही नाही. पानं निवडून दिली तर उरलेल्यांवर कोण विश्वास ठेवेल?" त्यांचे यजमान हेमचंद्र वकिली करत असताना अशिलांना हेच सांगत.

"मेथी तर तुमीबी खाल्ली होती."

"तेही लिहिलं आहे त्यात."

पार्बताबाईने टोपली उचलली. त्यानंतर सलग आठ दिवस डायरीत 'पार्बताबाई आली नाही' एवढंच होतं. अनुपमाबाईंनी कोपऱ्यावरच्या गाडीवरून वांगी आणली. ती कडू निघाली, तेही लिहिलं. झोपताना त्यांना विहीर दिसे. पान काढून ठेवलं तर कुणाला कळणार होतं? पण वीसही पानांच्या प्रती त्यांनी काढून आणल्या.

चोवीस तारखेला सकाळी दारात ऑटो थांबला. आत पार्बताबाई फुगून बसलेली, बाहेर धुवट टोपी घातलेले उत्तमराव.

"चाला, वकिलीनबाई. म्या पेरली, म्याच सांगीन. हिले म्हटलं, आपल्या मेथीचं पाप त्या बाईच्या वहीवर कावून टाकतं?"

सुनावणी घेणारी अधिकारी तरुण होती. एकेक प्रत तिने शांतपणे वाचली आणि विसाव्या पानावर थांबली.

"ही मेथी कोणी पेरली होती?"

"म्या," उत्तमराव उभे राहिले. "गावानं शिव्या घातल्या, पंधरा दिवसांनी मोकळी केली. रुंदीत चार वाफे बसले होते, माहा एक वाफा चार फुटाचा."

"म्हणजे सोळा फूट." तिने लिहून घेतलं. मग अनुपमाबाईंकडे वळली. "आजी, डायरी चांगली आहे, पण ती खासगी वही आहे, पुरावा म्हणून धरता येत नाही. ग्रामपंचायतीची नोटीस मात्र धरता येईल. तारीख सांगता येईल?"

"चार तारखेला 'काल' लिहिलं आहे. तीन डिसेंबर."

तारीख मिळाल्यावर ग्रामसेवकाला नोटीस शोधायला एक दुपार लागली. पांदण अडवल्याबद्दल उत्तमरावांना समज, वाटेच्या दोन्ही टोकांच्या खुणांसह. सावरझिऱ्यात पांदण होती असं सांगणारा सरकारी कागद तेवढा एकच निघाला. मार्चमध्ये मोजणी झाली, बाभळींखाली साखळी फिरली. एप्रिलमध्ये पत्र आलं, रस्ता पांदणीवरून नेण्यात यावा. पिवळा रंग मात्र तसाच राहिला. विहीर वाचली होती. भोवती घरं येणार होतीच.

पत्र आलं त्या दिवशी पार्बताबाईने टोपली दारात उतरवली आणि न विचारता मेथी पुढे केली.

"हे लिहा," ती म्हणाली, "अन् आता घरातली भांडणं तुमाले सांगत नाई मी."

"बरं," अनुपमाबाई म्हणाल्या.

पुढचा तासभर ती सुनेबद्दल बोलत होती.

संध्याकाळी अनुपमाबाईंनी लिहिलं. 'मेथी दोन जुड्या. माती फार होती, तीन पाण्यांनी धुतली.'