सवाष्णीचं ताट

हरभऱ्याची डाळ शिजल्याचा वास आला की मला चुलत सासूबाईंकडचं सवाष्णीचं जेवण आठवतं. वजन कमी करायला माझं पोट ऑपरेशन करून लहान केलं होतं, त्याला महिनाही झाला नव्हता. डॉक्टरांनी फक्त पातळ पदार्थ सांगितले होते, तेही वाटीभरच. लोक हसतील म्हणून गावात आम्ही पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं असं सांगितलं होतं. चुलत सासूबाईंनी माझे पाय धुतले, हळदीकुंकू लावलं आणि तुपानं माखलेल्या पुरणपोळ्यांचं ताट पुढं ठेवलं. बायका भिंतीला टेकून बघत होत्या आणि मी नुसती पोळीवर बोटं फिरवत होते. "खा की गं, सवाष्णीनं ताटात टाकायचं न्हाई, देवी उपाशी ऱ्हाती," त्या म्हणाल्या. "बारीक व्हायचं याड लागलंय तिला," जाऊ हसली. मी घास उचलला, पण पोटातले टाके आठवून हात थांबला. "आत्याबाई, मला न्हाई जायाचं हे. जाडी कमी कराया पोट कापून लहान केलंय," मी खाली बघत चुलत सासूबाईंना कसंबसं सांगितलं.  मग त्या उठल्या आणि पुरणाच्या डाळीचं निथळून काढलेलं पाणी वाटीत घेऊन आल्या. "देवी बी आज येवढंच घेईल. पी सावकाश." मी घोट घोट प्याले, त्या पदरानं वारा घालत बसल्या. त्याला आता बरीच वर्षं झाली. एकदा सांगितल्यावर समजून घेणारं तसं माणूस पुन्हा भेटलं नाही. अजूनही मला थोडंच खाता येतं, म्हणून प्रत्येक पंगतीत सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि भुकेपेक्षा त्या सांगण्यानंच मी जास्त थकते.