निळीचे चार थेंब

दोरीवरच्या सदऱ्याकडे बघत शेजारची सुमन म्हणाली, "आजी, आजोबांचा हा सदरा निळा होता होय?"

"छे गं, पांढराशुभ्र!" म्हटलं खरं, पण नीट पाहिलं तर आभाळी दिसत होता. हे जाऊन दोन वर्षं झाली, तरी दर सोमवारी मी तो धुते, बादलीत निळीचे चार थेंब टाकून बुडवते. घालणारं कुणी नाही, म्हणून तो मळत नाही; नीळ मात्र चढत राहते.

पूर्वी म्हणे झाडाचा पाला हौदात कुजवून नीळ काढायचे, तिच्यात गर्द लुगडी रंगवायचे. आम्ही बायकांनी तिला पांढऱ्याच्या चाकरीला लावली, आणि तीही अशी की दिसता कामा नये. जरा जास्त झाली की हे म्हणायचे, "आज मला आभाळात पाठवतेस वाटतं?"

सुमन गेल्यावर मी सदरा काढला आणि सरळ अंगात घातला. तसाच स्वयंपाक केला, भांडी घासली. संध्याकाळी बघते तर बाहीला हळद लागलेली. किती दिवसांनी त्या सदऱ्यात धुण्यासारखं काहीतरी होतं.