या पत्त्यावर माझा नवरा राहत नाही

आजवर माझ्या हातून भाकरी करपली आहे, कुकरची शिट्टी उडाली आहे, एकदा तर हळदीकुंकवाला म्हणून निघाले आणि भलत्याच घरात जाऊन वाण घेऊन आले. हे सगळं माणसाच्या हातून होतं. पण "मी या माणसाला ओळखत नाही" असं स्वतःच्या नवऱ्याबद्दल सांगून, वर ते लिहून घ्यायला लावणारी बाई तुम्ही पाहिली आहे का? नसेल पाहिली तर नीट बघून घ्या. समोरच बसली आहे. आणि चहा प्या आधी, गार होईल. किस्सा लांब आहे.

आम्ही तेव्हा कुसगावात भाड्याच्या खोलीत राहायचो. एका ओळीत सात खोल्या, मधोमध नळ, तोंडाशी आबांचं किराणा दुकान आणि मागं सिमेंटची पाण्याची टाकी. आमचे हे, किशोर, जवळच्या एका रिसॉर्टमध्ये लाइटचं आणि पंपांचं काम बघतात. मी तिथल्याच कामगारांना डबे करून देते. आणि आमची आरू. हा किस्सा घडला तेव्हा साडेतीन वर्षांची.

लग्नाच्या वर्षी यांनी हप्त्यावर मोटारसायकल घेतली होती. मग लॉकडाऊन लागला, रिसॉर्टला कुलूप लागलं, पगार बंद, हप्ते बंद. बंद झालं नाही ते एकच, वसुलीवाल्याचं येणं. डोक्यावर हेल्मेट, पाठीला सॅक, हातात मोबाइल. दुकानापाशी गाडी लावायचा आणि विचारायचा, "किशोर कुठं राहतात?"

यावर आबांनीच युक्ती काढली. असा माणूस दिसला की ते गल्ल्यावरून हाक मारायचे, "रेश्मा, दूध उतू चाललंय गं!" ती हाक आली की माझी कामं ठरलेली. यांना मागच्या दारानं टाकीमागं घालवायचं, दारातल्या यांच्या चपला आत ओढायच्या, दोरीवरची पँट काढायची. पुढचं नळावरच्या शेवंतामावशी बघायच्या. "असा कुणी हितं न्हाई," हे त्या इतक्या शांतपणे सांगायच्या की एकदा मलाच वाटलं, खरंच नाही की काय! कधी त्या सांगायच्या तो भाजे गावाला गेलाय, कधी आबा सांगायचे परंदवडीला कंपनीत लागलाय. वसुलीवाल्याचा बिचाऱ्याचा सगळा मावळ बघून झाला.

दोन वर्षं अशी काढली. चांगलं केलं असं मी म्हणत नाही हं. पण आरू पाळण्यात, घरात दुधाला पैसे नाहीत, आणि बाहेरून हाक काय तर दूध उतू चाललंय!

पुढं रिसॉर्ट चालू झालं, पगार सुरू झाला, आणि जरा श्वास घेतो तोवर घरमालकांनी सांगितलं, की या खोल्या आता शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना द्यायच्या आहेत. आमची खोली कडेची, खिडकीतून डोंगर दिसतो, म्हणून पहिला नंबर आमचा. माणूस तसा भला. म्हणाला, वर्ष-दीड वर्षात तुमचं बघा. पुढच्या दिवाळीच्या पलीकडं मात्र एक दिवस नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. तशी ती मला एरवीही येत नाही, पण त्या रात्री कारण होतं.

दुसऱ्या भाड्याच्या खोलीतही पुन्हा हेच होणार, म्हणून आम्ही स्वतःच्या घरासाठी कर्ज मिळतं का ते विचारायला बँकेत गेलो. तिथल्या सरांनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि तोंड बारीक केलं. म्हणाले, यांचा स्कोअर पाचशे ऐंशी आहे. मी विचारलं, कितीपैकी? ते म्हणाले, नऊशेपैकी.

मी मनातल्या मनात हिशोब केला आणि माझा चेहरा फुलला. म्हटलं, "म्हणजे फर्स्ट क्लासच की हो सर! मला सातवीत एवढे नव्हते."

सर माझ्याकडं बघत राहिले. हे टेबलाखालून माझ्या पायावर पाय देत राहिले.

मग सरांनी समजावून सांगितलं. या परीक्षेत पाचशे ऐंशी म्हणजे नापास. कर्ज घेऊन हप्ते थकवले की ते मार्क कापतात, आणि मार्क कमी असले की घराचं कर्ज कुणी देत नाही. पण सुधारता येतात. गाडीचं राहिलेलं अर्ध्यावर तडजोड करून मिटवू नका, सगळं भरा आणि काही देणं नाही असं पत्र घ्या. मग बँकेत थोडी ठेव ठेवा, तिच्यावर एक कार्ड मिळेल. त्यावर थोडंसंच घ्या आणि तारखेच्या आत भरा. वर्षभर दुसरीकडं कुठं कर्ज मागायला जाऊ नका.

झालं. त्या दिवसापासून नवऱ्याची परीक्षा आणि अभ्यास माझा. भिशी लागली ती गाडीच्या कर्जात घातली. यांनी रात्रपाळ्या वाढवून घेतल्या, मी डबे वाढवले. गाडीचं देणं फिटलं, पत्र आलं. ते पत्र मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गादीखाली ठेवलं. कार्ड आलं ते तांदळाच्या डब्यात. त्यावर घ्यायचा फक्त गॅसचा सिलिंडर, दुसरं काही नाही. आणि बिल? बिल निघायच्या आधीच मी यांना विचारायला लागायचे, बिल आलं का? एकदा तर काळजीपोटी एकच बिल दोनदा भरलं. हे म्हणायचे, "लोकांच्या बायका साडी मागतात. माझी रोज उठून माझे मार्क विचारते."

चौदा महिन्यांनी सरांनी पुन्हा बघितलं. सातशे एकेचाळीस! या वेळी मी काही बोलले नाही. रडले नुसती.

कामशेतला तिसऱ्या मजल्यावर एक छोटं घर बघितलं होतं. एक खोली, स्वयंपाकघर आणि हातभर गॅलरी. एकवीस हजार विसार दिला. बिल्डरनं सांगितलं, महिन्याभरात कर्ज मंजूर झालं तर घर तुमचं, नाहीतर विसार विसरा. दिवाळी दीड महिन्यावर. म्हणजे एक पाय या दारात, एक त्या दारात, आणि मधे बँक.

आता राहिलं होतं एकच. सर म्हणाले होते, पत्ता तपासायला आमचा माणूस येईल, शेजारीपाजारी चौकशी करेल. आज येईल, चार दिवसांनी येईल, सांगता येत नाही.

मग काय, मी घर घासायला घेतलं. आरूला रोज फ्रॉक घालून बसवायची आणि शाळेच्या मुलाखतीसारखं पाठ करून घ्यायची, की काकांनी विचारलं तर काय सांगायचं. तिनं चार दिवसांत सगळं पाठ केलं.

पण ओळीत मी कुणाला एक शब्द बोलले नाही. आमच्या आईची शिकवण आहे, काम होईस्तोवर तोंडातून काढायचं नाही, नजर लागते. म्हणून गाडीचं फिटलं तेही सांगितलं नव्हतं, घराचंही नाही. आबांनी विचारलं, एवढी साफसफाई कशापायी? म्हटलं, नणंद येणार आहे.

इथंच माती खाल्ली.

मंगळवारी दुपारी हे रात्रपाळी करून झोपले होते, मी भाजी निवडत होते, आणि कानावर हाक आली, "रेश्मा, दूध उतू चाललंय गं!"

आता तुम्ही म्हणाल, दीड वर्ष वसुलीवाला फिरकला नव्हता, तेव्हा जरा थांबून विचार करायचा ना. डोकं थांबलं असतं हो, हातपाय कुठं थांबतात? मी यांना गदागदा हलवलं आणि मागच्या दारातून बाहेर ढकललं. तेही काही न विचारता अर्ध्या चड्डीवर आणि बनियनवर टाकीमागं गेले. चपला कॉटखाली. पँट पिंपात. हो, भरलेल्या पिंपात.

बाहेर बघते तर हेल्मेट, सॅक, मोबाइल. चाळिशीचा माणूस, केस पिकायला लागलेले. बँकेचा माणूस म्हणजे माझ्या डोक्यात चारचाकी, इस्त्रीचा शर्ट आणि बगलेत फाइल. हा कसला बँकेचा! शेवंतामावशी नळावरून त्याला सांगत होत्या, "व्हता एक किशोर, पर सोडून गेला. दोन वर्सं झाली."

तो माझ्या दाराशी आला. "किशोर इथंच राहतात ना?"

म्हटलं, "नाही. मी नाही ओळखत त्यांना."

तेवढ्यात आरू फ्रॉक सावरत पुढं आली, हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरू झाली, "नमस्कार काका. माझ्या पप्पांचं नाव किशोर. आम्ही इथं सहा वर्षं राहतो."

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. म्हटलं, "लहान आहे, काहीपण बोलते."

त्यानं माझ्याकडं बघितलं, आरूकडं बघितलं. मग म्हणाला, "ठीक आहे. पत्त्यावर राहत नाहीत, असं लिहितो."

आणि मी काय म्हणाले असेन? "लिहा की! चांगलं मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे परत कुणी यायला नको."

त्यानं लिहिलं, घराचा फोटो काढला आणि गेला.

ओळीत आनंदीआनंद! मावशी म्हणाल्या, "गडी लय चिवट व्हता, पर आपण कच्चं न्हाई." आबांनी आरूला गोळी दिली. मी चहा टाकला. तेवढ्यात मागच्या दारानं हे आत आले. गुडघ्याला शेवाळ, केसात कोळिष्टक. खाली बसले, डोळे चोळले आणि हळूच विचारलं, "अगं, पण आपण आता कुणाचं देणं लागतो?"

मी गाळणी हातात धरून उभी राहिले.

"रेश्मा, कोण होता तो?"

आरूनंच सांगितलं. "बँकेचे काका होते. मी नमस्कार केला, पण आईनं तोंड दाबलं."

गाळणी कुठं पडली मला माहीत नाही. मी तशीच दारात आले आणि जे वर्षभर पोटात ठेवलं होतं ते सगळं एका दमात ओळीला सांगून टाकलं. गाडीचं फिटलंय, घर बघितलंय, एकवीस हजार दिलेत, आणि तो माणूस घरासाठी आला होता. नजर लागायला आता राहिलं काय होतं? माझीच लागली होती.

मावशींनी हंडा खाली ठेवला. "आमाला एक सबुद न्हाई?" म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आबा दुकानातून उठले होते. "रुसायचं मागनं बघू. आदी त्याला धरा."

निघाली की वरात! आबा पुढं, मावशी, पाच-सहा बायका, कडेवर आरू घेऊन मी आणि शेवटी बनियनवर आमचे हे. तो माणूस नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर कागद भरत बसला होता. एवढी माणसं अंगावर येताना बघून त्यानं आधी हेल्मेटच घातलं.

सगळे एकदम सांगायला लागले, की किशोर इथंच राहतो, सहा वर्षं राहतो, सोन्यासारखा माणूस आहे. तो म्हणाला, "अहो, अर्ध्या तासापूर्वी तुम्हीच सांगितलंत की सोडून गेला."

मावशी म्हणाल्या, "तवा खोटं बोलले. आता खरं बोलते."

"मग मी विश्वास कशावर ठेवू?"

आबांनी टोपी सारखी केली. म्हणाले, "सायेब, ह्या माणसाला दोन वर्सं आमी टाकीमागं लपवलाय. हितं ऱ्हातच न्हवता, तर आमी लपवत कुणाला हुतो?"

मी डोळे मिटून घेतले. संपलं, म्हटलं. हप्ते चुकवून लपत होतो हे बँकेच्या माणसाला भर नाक्यावर सांगून झालं!

मग हसण्याचा आवाज आला. तो माणूस हेल्मेटच्या आत हसत होता. म्हणाला, हे शेवटचं मी ऐकलं नाही. चला, लाइटबिल आणि भाड्याचा करार दाखवा.

तो पुन्हा खोलीवर आला. कागद बघितले, आरूलाही विचारलं. तिनं पहिल्यापासून सगळं म्हणून दाखवलं. मग तो म्हणाला, अर्जदाराचा घरापुढं फोटो लागतो. हे पँट शोधायला लागले. ती पिंपात. त्यामुळं बँकेच्या फायलीत आमच्या ह्यांचा जो फोटो आहे, तो बनियन, चड्डी आणि शेवाळाचा आहे. त्यानं आधीचं लिहिलेलं खोडलं आणि जाताना मला विचारलं, "ताई, आता ओळखता ना यांना?"

म्हटलं, "चेहरा ओळखीचा वाटतोय."

नवव्या दिवशी कर्ज मंजूर झालं. मी पहिली बातमी शेवंतामावशींना दिली. त्यांनी "बरं झालं बाई" म्हणून मला जवळ घेतलं, आणि तेव्हा कुठं माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

दिवाळीच्या आधी आठ दिवस आम्ही कामशेतच्या घरात गेलो. सगळी ओळ टेंपोत बसून आली होती. नव्या घरात पहिल्यांदा शेगडी पेटवून दूध ठेवतात आणि ते मुद्दाम उतू जाऊ देतात, तसं ठेवलं. पहिलं दूध मावशींच्या हातानं. हे पाहुण्यांना पेढे देत फिरत होते. दुधाला साय आली, साय फुगली, आणि दारात उभ्या असलेल्या आबांना राहवलं नाही. आनंदानं त्यांनी हाक दिली, "रेश्मा, दूध उतू चाललंय गं!"

यांनी पेढ्यांचा बॉक्स टाकला आणि सरळ मागं धावले. तिसऱ्या मजल्याला मागचं दार नसतं. गॅलरीच्या कठड्याला धरून उभे राहिले आणि खाली टाकी शोधायला लागले. घरभर हसू फुटलं. मावशींना तर उभं राहवेना.

मीही पोट धरून हसायला गेले, तर पोट धरायला हात मोकळेच नव्हते. दोन्ही हातांत यांच्या चपला होत्या.