मागून चालताना

आमच्या अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाचं, माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे. आज सकाळी दवाखान्याचं शटर वर केलं तेव्हा समोरच्या रस्त्यावरून एक बैलजोडी चालली होती. बेळगावात आता हे दृश्य दुर्मीळच. खुरांनी उडालेली धूळ कोवळ्या उन्हात तरंगत होती आणि तिला शेणाचा, घामाचा, वाळल्या कडब्याचा वास होता. मी बैलांकडे फारसं पाहिलंच नाही. चार पावलांचं अंतर राखून त्यांच्या मागून चाललेल्या माणसाकडे पाहत राहिलो. अण्णा असेच चालायचे.

आम्हाला जमीन नव्हती, बैलही नव्हते. निपाणीच्या बाजारात कुणी बैल विकत घेतला की तो चालवत नेऊन त्याच्या गावी पोचवायचा, हे आधी आजोबांचं आणि मग अण्णांचं काम. घराण्यातला मी पहिला पदवीधर. जनावरांचा डॉक्टर झालो तो अण्णांच्या पायांवर, त्यांच्या चालण्याच्या मजुरीवर, असं म्हटलं तर ते अक्षरशः खरं आहे. शिकत असताना एका सुट्टीत मी त्यांच्याबरोबर कोगनोळीच्या बाजूला एक बैल पोचवायला निघालो होतो. बैल मारका म्हणून बदनाम होता. हाकायला गेलं की शिंग उगारायचा. निघण्यापूर्वी मी पुस्तकात शिकल्याप्रमाणे त्याचे डोळे, जीभ, नाडी सगळं पाहिलं आणि जनावर निरोगी आहे, असं जाहीर केलं. अण्णा हसले. म्हणाले, "उभ्याला काय बघतोस डॉक्टर? चालाय लाव की त्याला." मग त्यांनी कासरा सैल सोडला आणि मागून मुकाट्याने चालत राहिले. मैलभर त्यांची नजर बैलावरून हलली नाही. मग त्यांनी मला जवळ बोलावलं. "मान बघ. डावा पाय टेकला की वर उचलतोय. मारका न्हाय रं त्यो, दुखतंय त्याला." सावलीला थांबून पाहिलं, तर डाव्या खुराच्या बेचक्यात मोडलेला काटा होता. तो काढल्यावर गाव येईपर्यंत बैलाने एकदाही शिंग हलवलं नाही. मी ते पाहिलं, अण्णांचं कौतुक केलं आणि पुढे परीक्षेच्या अभ्यासात विसरूनही गेलो. शिक्षणाची ही एक गंमत असते. घरातलं शहाणपण आपल्याला शहाणपण वाटायलाच फार वर्षं जावी लागतात.

मला ती लागली. गेल्या हिवाळ्यात वडगावातल्या एका विणकराच्या घरचा पिंट्या माझ्याकडे आणला गेला. पाच वर्षांचा, अंगाने दांडगा, तपकिरी कुत्रा. सहा महिन्यांपासून अंगावर धावून जात होता आणि शेवटी घरातल्या नातीला चावला होता. चौघांनी धरून, मुसकं बांधून त्याला टेबलावर उभा केला. मी सगळं तपासलं. भीतीने तो लाकडासारखा ताठ झाला होता. कुठेही दाबलं तरी तसाच गुरगुरत होता. मला काही सापडलं नाही. मी त्याला शांत करणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या.

दहा दिवसांनी विणकर एकटेच आले. "गोळ्यांनी काय बी फरक न्हाय डॉक्टर. माग सुरू झालं की ह्याचं डोकं फिरतंय. खडखडाट डोक्यात बसलाय त्याच्या. रविवारी टेम्पोत घालून गुंजीकडं सोडून येतो, रानाच्या कडंला." बोलताना ते माझ्याकडे पाहत नव्हते. पाच वर्षं चटणी-भाकरीच्या वासावर वाढलेला कुत्रा रानाच्या कडेला किती दिवस जगणार, हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही. त्या वेळी मला एकदम अण्णांची आठवण झाली आणि स्वतःची लाज वाटली. मीही उभ्यालाच पाहिलं होतं.

त्याच दुपारी मी वडगावला गेलो. विणकरांची म्हातारी आई दारात मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. मागाच्या आवाजाचं पुन्हा निघालं तशी ती म्हणाली, "पन्नास वरसं ऐकतोय आम्ही त्यो आवाज. माझं बी डोकं फिरलंय मग. मला बी सोडा की गुंजीला." सगळे हसले, लेक हसला नाही. मी पिंट्याची साखळी विणकरांच्या हातात दिली आणि गल्लीच्या टोकापर्यंत सावकाश चालायला सांगितलं. स्वतः चार पावलं मागे राहिलो. जाताना काही कळेना. येताना त्याला थोडं पळवलं आणि दिसलं. मागचे दोन्ही पाय तो सशासारखे जोडीने टाकत होता. वळताना कंबर लाकडी. पायरीशी येताच थबकला, पुढचे पाय वर ठेवले आणि उरलेलं शरीर हातांनी ओढावं तसं वर घेतलं. आत शहाबादी फरशी मागांभोवतीच्या येरझाऱ्यांनी गुळगुळीत झालेली. त्याची झोपायची जागा पहिल्या मागाच्या बुडाशी. माग सुरू करायचा म्हणजे त्याला हुसकून उठवायचं. उठताना पाय घसरायचे, खुबे कळवळायचे. आवाजाचा आणि रागाचा संबंध घरच्यांनी बरोबर टिपला होता. मधलं दुखणं तेवढं कुणाला दिसलं नव्हतं. आणि नातीला तो चावला, तो ती लाडाने त्याच्या कंबरेवर रेलली तेव्हा.

एक्स-रेत दोन्ही खुब्यांचे सांधे झिजलेले दिसले. रविवारी टेम्पो गेला नाही. त्यानंतर जे झालं ते मी अण्णांना कळवलं. त्यांना आता ऐकू येत नाही, फोन चालत नाही. पण मोठेपणी शिकलेली अक्षरं ते बोट ठेवून वाचतात. काळाने त्यांचे रस्ते, बाजार, बैल सगळं हळूहळू नेलं. डोळ्यांची ती पारख मात्र हातातून हातात जाते आणि माझ्यापर्यंत उशिरा का होईना पोचली, याचा आनंद मला पदवी मिळाली तेव्हापेक्षाही मोठा झाला. ते पत्र असं:

"ती. अण्णा, सविनय जय भीम.

वडगावच्या एका कुत्र्याला मी टेबलावर उभा करून पाहिला आणि चुकलो. मग तुमच्यासारखा मागून चाललो. त्याचे खुबे दुखत होते. दुखणं थांबवायचं औषध चालू आहे, भात-बिस्किटं कमी केलीत, फरशीवर गोणपाट अंथरलंय आणि त्याची जागा मागापासून हलवून खिडकीखाली केली आहे. आता दवाखान्यात येणारा प्रत्येक कुत्रा मी आधी गल्लीत चालवतो. शेजारचा किराणावाला म्हणतो, डॉक्टर कुत्र्यांची परेड घेतोय. म्हणू दे.

काल मी त्यांच्या घरी गेलो होतो. मी असतानाच सगळे माग एकदम सुरू झाले. पिंट्याने डोळे उघडले, कूस बदलली आणि नातीच्या मांडीवर तोंड ठेवून पुन्हा झोपला. घरात कुणी त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

तुमचा,
डॉक्टर"